विश्लेषण : चालेल त्याचा नकाशा? मिशनचे नकाशे चाहत्यांचे, मालकी मात्र कंपनीची!

‘इन्ग्रेस’ आणि ‘पोकेमॉन गो’ या मोबाइल गेमचे मैदान म्हणजे खरेखुरे रस्ते, चौक, देवळे आणि बागा. या मैदानातले मिशन कुठून सुरू होते, कोणत्या गल्लीतून जाते आणि किती वेळ घेते, हे नेमके सांगणारे नकाशे बहुतांशी खेळाडूंनीच फावल्या वेळात, विनामोबदला तयार केले. मे २०२५ मध्ये ‘पोकेमॉन गो’सह नायँटिक कंपनीचा गेम व्यवसाय ३.५ अब्ज डॉलरना विकला गेला. खेळाडूंनी स्थळे सुचवून आणि तपासून भरलेली यंत्रणाही त्यासोबत नव्या मालकाकडे गेली. ‘कसेल त्याची जमीन’ हे सूत्र महाराष्ट्राला परिचित आहे. पण ‘चालेल त्याचा नकाशा’ असे म्हणता येते का, हा प्रश्न या व्यवहाराने पुन्हा समोर आणला आहे.

मिशन म्हणजे नेमके काय?

‘इन्ग्रेस’ हा गेम २०१२ मध्ये मर्यादित चाचणीसाठी आला, तेव्हा नायँटिक हा गूगलचाच एक विभाग होता. २०१५ मध्ये तो स्वतंत्र कंपनी झाला. या गेममध्ये पुतळे, भित्तिचित्रे, वाचनालये, मंदिरे अशी सार्वजनिक ठिकाणे ‘पोर्टल’ होतात आणि निळा व हिरवा असे दोन गट ती ताब्यात घेण्यासाठी झगडतात. २०१४ मध्ये त्यात मिशनची भर पडली. ठरावीक पोर्टलना क्रमाने भेट द्यायची, तिथे सांगितलेली कृती करायची किंवा एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, की मिशन पूर्ण होते आणि खेळाडूच्या प्रोफाइलवर एक छोटे चित्र लागते. महत्त्वाचे म्हणजे ही मिशन खेळाडूच रचतात. कंपनी फक्त त्यांना मंजुरी देते.

प्रोफाइलवर एका ओळीत सहा चित्रे बसतात, हे खेळाडूंच्या लक्षात आले. मग सहा, बारा, अठरा मिशनची चित्रे जुळवून एक मोठे चित्र तयार करण्याची पद्धत रुजली. त्याला ‘बॅनर’ म्हणतात. अठरा मिशनचा बॅनर आणि प्रत्येक मिशनमध्ये सहा ठिकाणे धरली, तर १०८ ठिकाणे पायी गाठावी लागतात. क्रम चुकला की चित्र बिघडते. वाटेतली बाग संध्याकाळी बंद होत असेल, तर निम्मे चित्र तसेच राहते.

‘पोकेमॉन गो’मध्ये २०१८ पासून ‘फील्ड रिसर्च’ नावाची कामे आली. ‘पोकेस्टॉप’ या ठरलेल्या ठिकाणी गेले की एक काम मिळते आणि ते रोज बदलते. कोणत्या ठिकाणी आज कोणते काम आहे, हे तिथे पोहोचल्याशिवाय समजत नाही.

चाहत्यांना स्वतःचा नकाशा का बनवावा लागला?

कारण गेममधला नकाशा ‘आता, इथे’ एवढेच दाखवतो. खेळाडू उभा आहे तिथल्या जवळपासच्या मिशनची यादी त्यात दिसते. पण रविवारी परगावी जायचे असेल, तर तिथे कोणता बॅनर आहे, तो कुठे सुरू होतो, चालत होईल की सायकल लागेल, याची उत्तरे घरबसल्या मिळत नाहीत. शोध लागावा ही कंपनीची इच्छा, तर नियोजन करता यावे ही खेळाडूची गरज. या दोहोंमधली जागा चाहत्यांच्या साधनांनी भरून काढली.

‘बॅनरग्रेस’ हे त्याचे ठळक उदाहरण. जगभरातल्या बॅनरची सूची, त्यांचा आरंभबिंदू आणि मार्ग तिथे स्थळानुसार शोधता येतो. ‘पोकेमॉन गो’साठी ‘द सिल्फ रोड’ या चाहत्यांच्या जाळ्याने कोणत्या बागेत कोणते पोकेमॉन वारंवार येतात, याचा नकाशा खेळाडूंच्या नोंदींतून बांधला होता. २०२३ मध्ये ते काम थांबले.

ही साधने चालतात कशी?

‘चाहत्यांचा नकाशा’ या एकाच नावाखाली तीन वेगळे प्रकार येतात. वादात ते सरसकट एकत्र केले जातात, म्हणून फरक समजून घेणे गरजेचे आहे.

पहिला प्रकार पुनर्मांडणीचा. ‘इन्ग्रेस’चा एक अधिकृत नकाशा ब्राउझरमध्ये उघडता येतो. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एका प्रोग्रामरने ‘आयआयटीसी’ नावाची स्क्रिप्ट लिहिली. अधिकृत नकाशा सर्व्हरकडून जी माहिती मागवतो, तीच माहिती ही स्क्रिप्ट नव्या रूपात दाखवते. अंतर मोजणे, मिशनचा मार्ग रेखणे, आराखडा आखणे अशा सोयी तिला जोडता येतात. मूळ लेखकाने काही काळातच काम थांबवले. पण स्क्रिप्ट खुल्या परवान्याखाली असल्याने इतरांनी ती पुढे नेली आणि ती आजही सांभाळली जाते.

दुसरा प्रकार उपसा करण्याचा. यात संगणकावर चालणारी बनावट खाती आपण अमुक ठिकाणी उभे आहोत असे सर्व्हरला भासवतात. शहराचा चौकोन न् चौकोन असा तपासून मिळालेली माहिती नकाशावर टाकली जाते. २०१६ मधले ‘पोकेव्हिजन’ या प्रकारातले होते.

तिसरा प्रकार नोंदींचा. यात सर्व्हरला हातच लावला जात नाही. खेळाडू स्वतः पाहतो आणि नकाशावर नोंदवतो. गावातल्या बसच्या वेळा प्रवाशांनीच एकमेकांना कळवाव्यात, तसे हे.

कंपनीने आक्षेप केव्हा घेतला?

‘पोकेमॉन गो’ जुलै २०१६ मध्ये आला. पोकेमॉन किती जवळ आहे हे पावलांच्या ठशांनी दाखवणारी सोय त्यात होती. काही दिवसांतच ती बिघडली आणि महिनाअखेरीस काढून टाकण्यात आली. अधिकृत दिशादर्शक बंद पडल्यावर लोक ‘पोकेव्हिजन’कडे वळले होते. त्याच सुमारास नायँटिकने अशा सेवांची वाट बंद केली. आपले संकेतस्थळ सुमारे पाच कोटी लोकांनी वापरले, असा दावा ‘पोकेव्हिजन’च्या निर्मात्याने नंतर खुल्या पत्रात केला.

कंपनीचे तत्कालीन प्रमुख जॉन हँके यांनी ४ ऑगस्ट २०१६ रोजी भूमिका मांडली. बाहेरच्या सेवा सर्व्हरवर प्रचंड ताण आणत होत्या, त्या रोखताच ताण लक्षणीय उतरला आणि त्यानंतरच लॅटिन अमेरिकेत गेम आणणे शक्य झाले, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यासोबत त्यांनी एक आलेखही दिला. पुढे जवळच्या पोकेस्टॉपच्या आधारे दिशा दाखवणारी नवी अधिकृत सोय आली. २०२३ मध्ये ‘कॅम्पफायर’ या कंपनीच्या स्वतःच्या अॅपमधला नकाशा सर्वत्र उपलब्ध झाला. चाहत्यांनी दाखवून दिलेली गरज कंपनीने अशी टप्प्याटप्प्याने स्वतःकडे घेतली.

‘इन्ग्रेस’च्या बाबतीत मात्र वेगळेच घडले. अटींच्या कागदावर अशा स्क्रिप्टना मुभा नाही, पण प्रत्यक्षात खेळाडू वर्षानुवर्षे त्या उघडपणे वापरत आले. बंदीही नाही आणि परवानगीही नाही, अशी ही अधांतरी अवस्था आहे.

आक्षेपांत तथ्य किती?

सर्व्हरवरच्या ताणाचा मुद्दा दुसऱ्या प्रकाराला पुरेपूर लागू होतो. बनावट खात्यांमुळे खऱ्या खेळाडूंचा खेळ रखडतो आणि त्याचे बिल कंपनीला भरावे लागते. पहिल्या प्रकारात हा मुद्दा बराच सौम्य होतो. तिसऱ्याला तो लागूच होत नाही.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ‘इन्ग्रेस’मध्ये कोणत्या खेळाडूने कोणत्या पोर्टलवर केव्हा कृती केली, याच्या नोंदी इतरांना दिसत आल्या आहेत. एकेक नोंद निरुपद्रवी वाटते. पण महिनाभराच्या नोंदी साठवून नकाशावर टाकल्या, तर कोण रोज सकाळी नऊला कुठे असतो आणि रात्री दहाला कोणत्या गल्लीत परततो, हे उघड होते. एकट्याने खेळणाऱ्या मुलीसाठी हा धोका काल्पनिक नाही. त्यामुळे ठिकाणांचा नकाशा आणि माणसांचा नकाशा यांत रेघ ओढलीच पाहिजे. मिशन कुठे आहे हे सांगणारे साधन उपयोगी. खेळाडू कुठे आहे हे साठवणारे साधन धोक्याचे. मात्र या नोंदी मुळात सर्वांना दिसू देण्याचा निर्णय कंपनीचा होता, हेही विसरता येत नाही.

कायदा काय सांगतो?

या विषयावरचा बहुचर्चित निकाल अमेरिकेतला आहे. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या गेमसोबत कंपनीनेच नकाशे बनवण्याचे साधन दिले होते. खेळाडूंनी त्यातून नवे टप्पे तयार केले आणि एकमेकांना फुकट वाटले. ‘मायक्रो स्टार’ या कंपनीने त्यातले ३०० टप्पे गोळा करून सीडीवर विकले. १९९८ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मूळ गेमच्या हक्कधारकाच्या बाजूने कौल दिला. नकाशाच्या फाइलमध्ये मूळ चित्रे नव्हती, फक्त कोणते चित्र कुठे ठेवायचे याच्या सूचना होत्या. तरीही हे टप्पे मूळ कथेचेच पुढचे भाग ठरतात, असे न्यायालयाने म्हटले. भांडण दोन कंपन्यांचे होते. ते ३०० टप्पे रचणारे खेळाडू त्यात कुठेच नव्हते.

भारतात गेमच्या चाहत्यांच्या साधनांवर असा ठळक निकाल नाही, पण काही तत्त्वे उपलब्ध आहेत. ईस्टर्न बुक कंपनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले, की केवळ मेहनत घेऊन माहिती गोळा केली म्हणून कॉपीराइट मिळत नाही, काहीएक सर्जनशीलता लागते. पुतळ्याचे अक्षांश-रेखांश ही निव्वळ माहिती आहे. मिशनचा मार्ग, त्यातले प्रश्न आणि चित्र ही मात्र निर्मिती ठरू शकते. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ दोन प्रोग्राम एकमेकांशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याची मर्यादित मुभा देते. पण गेम सुरू करताना आपण ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो, तो करार वेगळा असतो आणि तो मोडल्यास खाते बंद करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. थोडक्यात, न्यायालयात जाण्याची वेळच येत नाही. एक कळ दाबली की विषय संपतो.

इतर कंपन्यांची भूमिका काय?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा अनुभव बोलका आहे. जून २०१७ मध्ये टेक-टू या मूळ कंपनीच्या कायदेशीर पत्रानंतर ‘ओपनआयव्ही’ हे गेमच्या फाइलमध्ये बदल करण्याचे साधन बंद झाले. खेळाडूंनी नकारात्मक अभिप्रायांचा पाऊस पाडला आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. ‘फाइव्हएम’ या चाहत्यांच्या प्रकल्पावर २०१५ मध्ये कारवाई झाली होती. त्यामागचा संघ २०२३ मध्ये रॉकस्टार गेम्सने चक्क विकत घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये खेळाडूंना मिशन रचण्याचे अधिकृत साधन मिळाले. ‘सॅन अँड्रियास’च्या चाहत्यांनी असे साधन स्वतःसाठी कितीतरी वर्षे आधीच बनवले होते.

ब्लिझार्डने उलटा धडा घेतला. ‘वॉरक्राफ्ट थ्री’च्या नकाशा-संपादकातून खेळाडूंनी ‘डोटा’ घडवला. त्यातून ‘लीग ऑफ लेजंड्स’ आणि ‘डोटा टू’ हे अब्जावधींचे खेळ उभे राहिले, पण दुसऱ्या कंपन्यांकडे. २०२० मधल्या नव्या आवृत्तीसोबत ब्लिझार्डने अटींत लिहून टाकले, की अशा खेळांची मालकी कंपनीची राहील.

तिसरी वाटही आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’ आणि ‘डेस्टिनी’ या गेमच्या कंपन्यांनी बाहेरच्या साधनांसाठी अधिकृत दार ठेवले आहे. किती माहिती, किती वेगाने आणि कोणाच्या संमतीने घ्यायची, याचे नियम आधी ठरलेले असतात. त्यामुळे चोरवाटेची गरज उरत नाही आणि सर्व्हरवरही भार येत नाही.

विक्रीमुळे काय बदलले?

नायँटिकने मार्च २०२५ मध्ये ‘पोकेमॉन गो’, ‘पिक्मिन ब्लूम’ आणि ‘मॉन्स्टर हंटर नाऊ’ हे गेम स्कोपली कंपनीला विकत असल्याचे जाहीर केले. स्कोपली ही सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या सॅव्ही गेम्स समूहाची कंपनी आहे. ‘कॅम्पफायर’ आणि ‘वेफेअरर’ही त्यात गेले. ‘वेफेअरर’ म्हणजे खेळाडूंनी नवी ठिकाणे सुचवायची आणि इतर खेळाडूंनी ती तपासायची यंत्रणा. फोटो काढणे, वर्णन लिहिणे, खोटी नोंद बाद करणे ही सारी कामे खेळाडूंनी केली. ‘पोकेमॉन गो’च्या पहिल्या पोकेस्टॉपचा पायाही ‘इन्ग्रेस’च्या खेळाडूंनी सुचवलेली पोर्टलच होती. त्या घोषणेनुसार ‘इन्ग्रेस’ मात्र नायँटिक स्पेशियल या वेगळ्या कंपनीकडे राहिला.

या वेगळ्या कंपनीचा व्यवसाय म्हणजे यंत्रांना जागेची समज देणे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नायँटिकने भौगोलिक एआय मॉडेलची कल्पना मांडली, तेव्हा आपल्याकडे जगभरातल्या एक कोटी ठिकाणांचे स्कॅन असल्याचे सांगितले होते. नुसते खेळताना चालल्याने मॉडेलला माहिती मिळत नाही आणि स्कॅन करणे ऐच्छिक असते, असा खुलासाही कंपनीने केला. तो मान्य केला तरी मुद्दा उरतोच. ज्याने हौसेने चौकातला पुतळा स्कॅन केला, तो त्या वेळी बक्षिसासाठी खेळत होता. आपण एका व्यावसायिक मॉडेलचा कच्चा माल पुरवतो आहोत, हे त्याच्या ध्यानीमनी असण्याची शक्यता कमी.

भारतातील खेळाडूंचा यात काय संबंध?

‘पोकेमॉन गो’ भारतात डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओशी भागीदारी करून अधिकृतपणे आला. रिलायन्सची हजारो दुकाने तेव्हा पोकेस्टॉप किंवा जिम झाली. म्हणजे नकाशावर जागा मिळण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक तर खेळाडूने सुचवायचे किंवा कंपनीशी करार असायचा. जिथे खेळाडू कमी, तिथे नकाशा रिकामा. अमेरिकेत अर्बन इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये वॉशिंग्टन शहराची पाहणी केली, तेव्हा गोऱ्या बहुसंख्येच्या वस्त्यांत सरासरी ५५ पोर्टल, तर कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत १९ आढळली. पुण्याच्या पेठा आणि तालुक्याचे एखादे गाव यांच्याबाबतही यंत्रणा हीच आहे. नकाशा कोण बनवतो, यावर त्यात कोण दिसतो हे ठरते.

कायद्याचे दोन धागेही आहेत. फेब्रुवारी २०२१ मधल्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार रस्त्यांच्या चित्रीकरणाचे सर्वेक्षण करण्याची मुभा भारतीय संस्थांनाच आहे. खेळाडूने मोबाइलवर केलेले स्कॅन परदेशी कंपनीकडे जाते, त्याला या तत्त्वांत कुठे बसवायचे हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दुसरा धागा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पण गेमने आपोआप जाहीर केलेल्या हालचालींना ‘स्वतःहून’ म्हणायचे का? खेळाडूंच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने या एका शब्दाचा अर्थ फार मोठा आहे.

मग मार्ग काय?

मालकीचा वाद लवकर सुटणारा नाही. सर्व्हर, चिन्हे आणि कथा कंपनीच्या आहेत, हे कोणी नाकारत नाही. मात्र चार गोष्टी कंपन्यांना आजही करता येण्याजोग्या आहेत. ठिकाणे आणि मिशन यांची माहिती वाचण्यापुरते अधिकृत दार उघडणे. मिशन रचणाऱ्याला आपले काम उतरवून जपता येणे. खेळाडूंच्या हालचालींच्या नोंदी मुळातच न दाखवणे. आणि एखादे साधन बंद करायचे असेल, तर आधी सूचना देणे. यातल्या पहिल्या गोष्टीची उदाहरणे इतर गेममध्ये आहेतच.

खेळाडूंच्या बाजूनेही एक पथ्य हवे. नवे नकाशा-साधन वापरण्यापूर्वी ते तीनपैकी कोणत्या प्रकारातले आहे, ते खात्याचा पासवर्ड मागते का आणि ते ठिकाणे साठवते की माणसे, हे पाहून घ्यावे. पासवर्ड मागणाऱ्या साधनापासून दूर राहणेच बरे.

ऑनलाइन गेम कधी ना कधी बंद होतात. सर्व्हर थांबले, की खेळाडूंनी रचलेली मिशन, त्यांत गुंफलेली गावांची ओळख, कोपऱ्यावरच्या विस्मृतीत गेलेल्या शिल्पाची नोंद, सारेच एकदम नाहीसे होऊ शकते. त्या वेळी या गोष्टींची प्रत कोणाकडे असेल, तर ती बहुधा एखाद्या चाहत्याने सांभाळलेल्या नकाशातच. म्हणून अशा साधनांना चोरवाट समजण्याऐवजी नियमांच्या चौकटीत जागा देणे हे कंपन्यांच्याही हिताचे आहे. चालणाऱ्याला नकाशाची मालकी मिळेल न मिळेल, किमान त्याची एक प्रत तरी त्याच्या हाती असायला हवी.